प्रश्न तीन हात नळीचा

बीड जिल्ह्यातील एखाद्या मोठ्या गावचा आठवडी बाजार पाहावा. दोर, बादल्या, चाळण्या आणि कुलपे मांडून बसलेल्या विक्रेत्याच्या पथारीवर रबरी नळीचे एक वेटोळेही पुष्कळदा दिसते. गिऱ्हाईक हाताने मापून नळी मागते, विक्रेता सुरीने तेवढी कापून देतो आणि थोडक्या पैशांत व्यवहार आटोपतो. त्या नळीवर कोणताही शिक्का नसतो, ती कोणत्या साली तयार झाली याची नोंद नसते आणि ती पाण्यासाठी आहे की गॅससाठी, हे देणारा सांगत नाही व घेणाराही विचारीत नाही. संध्याकाळी ती नळी एका बाजूने सिलिंडरच्या रेग्युलेटरवर आणि दुसऱ्या बाजूने शेगडीवर चढते. घट्ट बसत नसेल तर तार गुंडाळली जाते. घरातील चारसहा माणसांचा जीव त्या तीन हात नळीवर आणि तारेच्या दोन वेढ्यांवर सोपविला जातो आणि त्यात काही वावगे झाले, असे कोणालाच वाटत नाही.

वास्तविक सिलिंडर हे भरभक्कम पात्र आहे. ते ठराविक मुदतीने दाबाखाली तपासले जाते आणि पुढील तपासणी कधी हे त्याच्या कड्याखालील पट्टीवर अक्षराने व सालाने नोंदलेले असते. ‘अ’पासून ‘ड’पर्यंतची इंग्रजी वर्णमालेतील चार अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दाखवितात. शेगडीही बहुधा प्रमाणित असते. धोका असतो तो या दोहोंना जोडणाऱ्या भागात, म्हणजे सिलिंडरच्या तोंडातील लहानशा रबरी कड्यात, रेग्युलेटरमध्ये, नळीत आणि नळीच्या दोन टोकांशी. पात्राची काळजी कंपनी घेते, शेगडीची काळजी गृहिणी घेते. मधल्या सांध्याची काळजी नेमकी कोणी घ्यावयाची, हे आपल्या ग्रामीण भागात अद्याप ठरलेले नाही. प्रश्न आहे तो एवढाच. परंतु तो लहान मात्र नाही.

सांध्याचे शास्त्र

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन या वायूंचे दाबाखाली द्रवरूप केलेले मिश्रण. हा द्रव बाहेर पडताच त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पट होते, आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले की एक ठिणगी पुरते. तो हवेपेक्षा जड असल्याने धुराप्रमाणे वर जाऊन कौलांतून निघून जात नाही. तो जमिनीलगत पसरतो, मोरीत, कोनाड्यात, जुन्या माळवदाच्या घरातील बळदात जाऊन साचतो. चुलीचा धूर डोळ्यांना दिसतो व झोंबतो. हा वायू दिसत नाही, आणि त्याला स्वतःचा वासही नाही. त्याला जो उग्र दर्प येतो तो मर्कॅप्टन नावाच्या द्रव्याचा असून तो मुद्दाम मिसळलेला असतो.

हा दर्प मिसळण्याची पद्धत सार्वत्रिक झाली त्यामागे एक भयंकर घटना आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेच्या तळघरात वासहीन गॅस साचला व त्याचा स्फोट होऊन सुमारे ३०० जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक मुले होती. खर्च वाचविण्यासाठी शाळेने तेलक्षेत्रातील वाया जाणारा गॅस आपल्या नळाला जोडून घेतला होता. त्यानंतर गॅसला वास देणे तेथे कायद्याने सक्तीचे झाले. दुसरी घटना लंडनमधील. १६ मे १९६८ रोजी पहाटे रोनन पॉइंट या बावीस मजली, नव्यानेच वस्तीस दिलेल्या इमारतीत अठराव्या मजल्यावरील एका बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चार जण ठार झाले. काडी ओढणाऱ्या बाई मात्र वाचल्या. चौकशीत दोष निघाला तो शेगडीची नळी जोडणाऱ्या एका कमअस्सल पितळी नटमध्ये. इमारतीची बांधणी सदोष होती म्हणून ती ढासळली हे खरे. पण सुरुवात झाली ती त्या नटापासून.

या अनुभवांतून पाश्चात्त्य देशांनी एक धडा घेतला. सांधा ही घरच्या घरी उरकावयाची बाब नव्हे, हा तो धडा. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी अंगणात तेलाची टाकी असते आणि तिच्यापासून एक नळी घरातील भट्टीपर्यंत जाते. त्या नळीचा सांधा पाझरू लागला तर घरमालकाने स्वतः पाना हाती न घेता जाणकार कारागिराला बोलवावे, असा शिरस्ता आहे. ब्रिटनमध्ये गॅसच्या कामाला तर नोंदणीकृत कारागिराखेरीज कोणी हात लावणे हा गुन्हा आहे आणि भाड्याने दिलेल्या घरांतील गॅसची तपासणी दर वर्षी करून घेणे घरमालकावर बंधनकारक आहे. बीड जिल्ह्यातील वाडीवस्तीला ही व्यवस्था जशीच्या तशी लागू करता येणार नाही, हे उघड आहे. परंतु तिच्यामागील तत्त्व येथेही तितकेच खरे आहे.

चुलीकडून शेगडीकडे

आपल्या देशात घरगुती गॅस प्रथम आला तो मुंबईत, पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास, बर्मा शेल कंपनीमार्फत. इंडियन ऑइलने ‘इंडेन’ सुरू केला तो १९६५ साली. पुढे अनेक वर्षे गॅस ही शहरी मध्यमवर्गाची मिरासदारी होती आणि नंबर लागण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या काळी सिलिंडर घरात आला तो ओट्यासह, खिडकीसह आणि दाराशी येणाऱ्या मेकॅनिकसह आला. मराठवाड्यातील खेड्यात मात्र चूल आणि रॉकेलचा स्टोव्ह यांचेच राज्य चालू राहिले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला आणि देशभरात दहा कोटींहून अधिक गरीब कुटुंबांत, स्त्रीच्या नावाने, गॅस पोहोचला. धुराने डोळे चुरचुरणाऱ्या आणि सरपणासाठी मैलोगणती हिंडणाऱ्या स्त्रियांच्या दृष्टीने हे फार मोठे परिवर्तन आहे आणि त्याचे श्रेय कोणी नाकारू नये.

तथापि सिलिंडर पोहोचला म्हणून त्याच्याभोवतीची व्यवस्था पोहोचली असे होत नाही. ज्या घरात तो आला तेथे ओटा नव्हता. शेगडी जमिनीवर मांडली जाते, बाई पाटावर बसून भाकरी थापते आणि सिलिंडर शेगडीच्याच पातळीवर, हातभर अंतरावर उभा असतो. वास्तविक शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावयास हवी. भरलेला सिलिंडर महाग पडतो म्हणून चूलही विझलेली नसते. चहा व भाजी गॅसवर, भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर, अशी विभागणी असते, आणि अनेक घरांत ही दोन्ही एकाच खोलीत नांदतात. देवापुढील समईही तेथेच. धान्याच्या पोत्यांमागे उंदीर असतात आणि उंदरांना रबर वर्ज्य नाही. अशा घरात नळीची गरज शहरातल्यापेक्षा अधिक चांगल्या प्रतीची असते. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला पथारीवरची नळी येते.

याला लोकांचे अज्ञान म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु चूल पेटविण्याचे ज्ञान तिला आजीकडून आईला व आईकडून लेकीला असे पिढ्यानपिढ्यांनी दिले होते. गॅसचे ज्ञान मात्र एका दुपारी, मंडपात, भाषणे आणि छायाचित्रे यांच्यामधल्या दहा मिनिटांत दिले गेले. त्यातील किती लक्षात राहावयाचे? शिवाय नळीतून जाणारा गॅस हा रेग्युलेटरने दाब पुष्कळच कमी केलेला असतो. म्हणून कसलीही नळी लावली तरी शेगडी व्यवस्थित पेटते. वाईट नळी पहिल्या दिवशी दगा देत नाही. ती उन्हाने, तेलकटपणाने, वाकल्याने हळूहळू चिरत जाते आणि तोवर तिच्यावर विश्वास बसलेला असतो.

दुरुस्ती कोठपर्यंत?

घरात काय करावे आणि कशाला हात लावू नये, यांमधील रेषा स्पष्ट असावयास हवी. गॅसची नळी ही भारतीय मानक चिन्हाची, आतून तारेच्या जाळीने मजबूत केलेली असावी. तिच्यावर साल छापलेले असते आणि पाच वर्षे झाली की ती वरून कितीही धड दिसली तरी बदलावयाची असते. चिरलेली नळी जोडावयाची नसते. तिच्यावर चिकटपट्टी, मेण, साबण किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. तो केवळ दोष झाकण्याचा प्रकार होय. नळी लांब पडावी म्हणून दोन तुकडे मध्ये पाइप घालून जोडणे हेही तितकेच घातक.

सिलिंडर बदलताना तोंडातील रबरी कडे जागेवर आहे ना, फाटलेले नाही ना, हे पाहणे ही मात्र गृहिणीने सहज करावयाची गोष्ट आहे. हे कडे झिजले असेल तर रेग्युलेटर चढविताच फुसफुस ऐकू येते. अशा वेळी खिळा किंवा पक्कड घेऊन तोंडाशी खटपट करणे हा अत्यंत धोक्याचा उद्योग आहे. रेग्युलेटर काढून, दोरीला लटकणारी टोपी तोंडावर घट्ट बसवावी, सिलिंडर मोकळ्या जागी न्यावा आणि विक्रेत्याला बोलवावे. सांध्याची परीक्षा साबणाच्या पाण्याने करावी. बुडबुडे आले की गळती आहे. काडी ओढून गळती शोधण्याची खोड अद्याप गेलेली नाही, आणि ती शेवटचीच ठरण्याचा संभव असतो. वास आला तर विजेचे बटण लावू नये आणि लागलेले असेल तर बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. चूल, समई, उदबत्ती आधी विझवावी, दारेखिडक्या उघडाव्यात. १९०६ हा दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी रात्रंदिवस चालू असतो. संपत आलेला सिलिंडर आडवा करणे किंवा त्यावर कढत पाणी ओतणे ही काटकसर वाटते. परंतु आडव्या सिलिंडरातून द्रव थेट रेग्युलेटरमध्ये येऊ शकतो, हे त्या काटकसरीत धरलेले नसते.

कागदावरची तपासणी

या गोष्टी गृहिणीने लक्षात ठेवाव्यात हे ठीकच. पण सर्व भार तिच्यावर टाकून इतरांना मोकळे होता येणार नाही. दर पाच वर्षांनी प्रत्येक जोडणीची तपासणी व्हावी, असा नियम आहे. प्रत्येक सिलिंडर देताना त्याचे वजन व गळती ग्राहकासमोर तपासून द्यावी, असाही दंडक आहे. आष्टी-पाटोद्याच्या डोंगराळ पट्ट्यात किंवा गेवराई-वडवणीच्या आडवळणाच्या वस्त्यांवर यांपैकी काय घडते? गाडी पुष्कळदा फाट्यावर किंवा गावच्या चौकात थांबते. तेथून सिलिंडर मोटारसायकलवर आडवा बांधून वस्तीवर किंवा तांड्यावर नेला जातो. जेथे सिलिंडरच दारापर्यंत येत नाही तेथे तपासनीस येईल, ही अपेक्षा फोल आहे. घर न पाहताच तपासणीच्या कागदावर सही घेतली जात असेल, तर असा कागद काही नसण्यापेक्षाही वाईट, कारण घर सुरक्षित असल्याची खोटी साक्ष तो देतो.

विक्रेत्यांची बाजूही ऐकावयास हवी. ग्राहक तपासणीचे शुल्क देण्यास राजी नसतो, चांगली नळी दाखविली तर बाजारात स्वस्त मिळते असे म्हणतो, आणि एका मेकॅनिकने शेकडो वस्त्या हिंडणे परवडत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे. अपघातांचे प्रमाण जोडण्यांच्या अवाढव्य संख्येच्या मानाने अल्प आहे, हेही खरे. परंतु उपाय अशक्य आहे असे मात्र नाही. अलीकडील वर्षांत तेल कंपन्यांनी देशभर विनामूल्य मूलभूत तपासणीची मोहीम चालविली. शासनाने २०२५ साली दिलेल्या आकड्यांनुसार तीत १२ कोटींहून अधिक तपासण्या झाल्या आणि साडेचार कोटींहून अधिक नळ्या सवलतीच्या दराने बदलल्या गेल्या. या आकड्यांचा अभिमान बाळगावयाचा की धास्ती घ्यावयाची, हा प्रश्न आहे. दर तीन तपासण्यांमागे एकाहून अधिक नळ्या बदलल्या गेल्या असतील, तर त्याआधी त्या घरांत काय चालू होते? आणि मनावर घेतले तर हे काम होऊ शकते, हेही त्याच आकड्यांनी सिद्ध केले आहे. मग ती मोहीम न राहता नित्याची व्यवस्था का होऊ नये?

कोपीतील सिलिंडर

बीडच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक बिकट आहे. दसरा-दिवाळी उलटली की धारूर, केज, वडवणी, शिरूर, पाटोदा या तालुक्यांतील गावे निम्मीशिम्मी रिकामी होतात. उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या मागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तेथे त्यांचे घर म्हणजे कोपी. कळकाचे सांगाडे, वर ताडपत्री किंवा पाचट, आत अंथरूण, धान्य, लेकरे आणि स्वयंपाक. पहाटे तीन-साडेतीनला अंधारात बाई भाकरी करून घेते, कारण उजाडण्यापूर्वी फडावर जावयाचे असते. सभोवती वाळलेले पाचट पसरलेले असते.

अशा कोपीत गॅस आला तर तो बहुधा बाजारातील लहान सिलिंडरच्या रूपाने येतो. त्याच्यावर शेगडी थेट पिळून बसविलेली असते आणि तो कोणीतरी मोठ्या सिलिंडरमधून नळीने भरून दिलेला असतो. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात असा गॅस भरणे कायद्याने निषिद्ध आहे. पण कायद्याची वाट लांबची आणि भरून देणारा जवळचा. वास्तविक अधिकृत पाच किलोचा सिलिंडर आता पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळू शकतो. उज्ज्वलेच्या २०२१ साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वतःचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले गेले. सोय आहे, ती फडापर्यंत गेलेली नाही. कारखान्याच्या गट कार्यालयातून ऊस कोणत्या फडावर किती तुटला याचा हिशेब रोज ठेवला जातो. त्याच कार्यालयातून अधिकृत लहान सिलिंडर, प्रमाणित नळी आणि महिन्यातून एकदा कोप्यांची तपासणी का होऊ नये? लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्या जिवाशी निगडित असा हा विषय आहे.

अपघात झालाच तर नुकसानभरपाईचे काय? तेल कंपन्यांनी घेतलेल्या सामुदायिक विम्यात मृत्यूसाठी माणशी सहा लाख रुपयांची तरतूद आहे, जखमींच्या उपचारांचीही आहे. पण मालमत्तेची भरपाई मिळते ती नोंदणी झालेल्या जागेपुरतीच. कोपी ही कोणत्याच वहीत नोंदलेली नसते. आणि हा विमा आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते. विक्रेत्याला लेखी कळविण्याची पहिली पायरीच ओलांडली जात नाही.

भडक्याची नोंद

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ हे शब्द वृत्तपत्रांत नित्याचे झाले होते. त्यांतील किती भडके खरे होते आणि किती भडकवलेले होते, हा संशय इतका बळावला की १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि विवाहानंतर सात वर्षांच्या आत होणाऱ्या अशा मृत्यूंच्या चौकशीचे नियम कडक करण्यात आले. आता स्टोव्ह मागे पडला व त्याची जागा गॅसने घेतली. पंचनाम्यात मात्र ‘गॅसचा भडका’ एवढे लिहिले म्हणजे पुरे झाले, अशी समजूत असू नये. नळी कोणत्या सालची होती, तिच्यावर मानक चिन्ह होते काय, रबरी कडे होते काय, रेग्युलेटर चालू होता की बंद, तपासणी शेवटची केव्हा झाली, या गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत आणि नळी व रेग्युलेटर जपून ठेवले गेले पाहिजेत. खऱ्या अपघातात यामुळे दोष कोणाचा हे कळेल व पुढचा अपघात टळेल. आणि जेथे अपघात हा बहाणा असेल तेथे तोही उघडा पडेल. भाजलेली स्त्री अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात पोहोचेपर्यंत घरातील पुरावा विस्कटलेला असतो, ही गोष्ट तपास करणाऱ्यांना नवी नाही.

उपाय मोठे नाहीत. उज्ज्वलेच्या ग्राहकांसाठी पाच वर्षांची तपासणी विनाशुल्क करावी आणि ती ग्रामसभेत जाहीर केलेल्या दिवशी, गावातच, घराघरांत जाऊन व्हावी. सिलिंडरच्या गाडीवर प्रमाणित नळ्या, रबरी कडी आणि साबणाचे पाणी असल्याखेरीज ती गोदामातून बाहेर पडू नये. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना या कामाचे प्रशिक्षण व अधिकृत ओळखपत्र देऊन पाचदहा गावांमागे एक असा माणूस नेमावा. बचत गटातील स्त्रियांना त्यात प्राधान्य द्यावे, कारण स्वयंपाकघरात त्यांना संकोच न करता जाता येते. आठवडी बाजारात गॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनचिन्हाच्या नळ्यांवर पुरवठा खात्याने नजर ठेवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही की कोट्यवधींची तरतूदही लागत नाही.

सरकारने सिलिंडर दिला, कंपनीने तो भरला, विक्रेत्याने तो फाट्यापर्यंत आणला. तेथून शेगडीपर्यंतचे अंतर फार थोडे आहे, आणि तेवढ्याच अंतराची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. ती घेतली जात नाही तोवर बाजारातील रबरी नळीला गिऱ्हाईक मिळतच राहील.